स्वर तुटला कीं यंत्र?

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे औषधें सुचविणारे पुष्कळ भेटतात. रोग ओळखणारा एखादाच. माणसांच्या बाबतींत जें खरें, तेंच आजकाल घरोघरीं नांदणाऱ्या संगणकाच्या बाबतींतही खरें आहे. त्यांतून ज्या संगणकावर गाणें मुद्रित करावयाचें, त्याचें दुखणें फारच फसवें. तो पत्रें लिहितो, हिशेब ठेवतो, चित्रपट दाखवितो. आणि गाण्याला बसविला कीं मध्येंच स्वर तोडतो, नाहीं तर हातचें काम टाकून बंद पडतो. अशा वेळीं निदान चुकलें तर केवळ वेळ फुकट जातो असें नव्हे. दोष भलत्याच्याच माथीं बसतो. आमच्या घरीं यंदा तो बसलाच होता.

वऱ्हाड हा गात्या कंठांचा प्रांत. तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरी याच मातींत घुमली. मराठी गझलेला आपली वाणी देणारे सुरेश भट १९३२ सालीं अमरावतींतच जन्मले. त्यांचे शब्द ग्रंथांत सुरक्षित आहेत. परंतु भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई व भुलोजी यांच्या मूर्तींपुढें मुली जीं गाणीं म्हणतात, त्यांतलीं कितीतरी एकेका घराच्या कंठांतच राहतात आणि कंठाबरोबरच जातात. आमच्या अकोल्याच्या आत्याबाईंपाशीं अशीं तीस गाणीं आहेत. त्यांचें वय ८४. यंदाच्या वैशाखांत त्या अमरावतीस आमच्याकडे राहावयास आल्या, तेव्हां पुतण्यानें माडीवर मांडलेल्या संगणकावर तीं उतरवून घ्यावीं असें ठरलें. "वैशाखांत कसली रे भुलाबाई?" असें म्हणत का होईना, त्या गावयास बसल्या.

पहिल्या संध्याकाळीं तीन गाणीं झालीं. चौथ्याच्या मध्यावर मुद्रणाचा कार्यक्रम आपोआप मिटला. झालेलीं तीन ऐकूं लागलों, तों जागोजाग स्वर तुटलेला. आत्याबाईंनीं शांतपणें ऐकलें आणि त्या म्हणाल्या, "माझाच दम पुरत नाहीं आतां. राहूं द्या." दुसरे दिवशीं त्या माडीवर आल्या नाहींत.

घरांत अर्थातच सभा भरली. थोरले बंधु विजेच्या दाबाला दोष देत होते, वहिनी उन्हाळ्याला, आणि धाकट्यांचें म्हणणें, नवा संगणक आणावा. भुलाबाईपुढें गाणीं संपलीं कीं झांकलेली खिरापत ओळखावयाची असते. ज्याला जें सुचेल तें तो सांगतो. खिरापत अशी ओळखावी. रोग मात्र तसा ओळखूं नये.

पुतण्यानें तुटलेली एक जागा पुनःपुन्हां ऐकविली. खालीं ओसरीवर कूलर चालू होता. त्याची मंद घरघर मुद्रणांत सबंध ऐकूं येत होती. परंतु जेथें स्वर तुटला, नेमकी तेथें ती घरघरही नाहींशी झालेली! तो आत्याबाईंकडे धांवत गेला. "आत्याआजी, ऐका. तुमच्याबरोबर कूलरचाही दम तुटला वाटतें!" आत्याबाई हंसल्या. उजेडाचा पहिला किरण तो. माणसाचा श्वास सरला तरी खोलींतला आवाज राहतोच. सारेंच नाहींसें झालें, तर तें यंत्रानें गिळलें.

यंत्र आवाज गिळतें कसें? संगणक आवाजाचे बारीक नमुने घेतो. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीसाठीं ते सेकंदास ४४,१०० असत. आमच्याकडे ४८,००० घेत होतों. हे नमुने एकेक उचलले जात नाहींत. नळाखालीं घागर लावावी, ती भरली कीं उचलून दुसरी लावावी, तसें हें चालतें. या घागरीस बफर म्हणतात. २५६ नमुन्यांची घागर सुमारें ५.३ सहस्रांश सेकंदांत भरते. नळ कोणासाठीं थांबत नाहीं. घागरी उचलणाऱ्या मुलीस कोणी दारावर हाक मारली आणि ती क्षणभर गेली, तर पाणी सांडतें. मुलगी कितीही धट्टीकट्टी असो, सांडलेलें परत येत नाहीं. म्हणून नुसत्या शक्तिमान संगणकानें हा रोग जात नाहीं. दिवसभराची सरासरी येथें कामास येत नाहीं. प्रत्येक घागर वेळेवर उचलली पाहिजे.

मग एक वही घातली आणि एका वेळीं एकच बदल करावयाचा, असा नियम केला. प्रथम घागर मोठी केली: १,०२४ नमुने, म्हणजे सुमारें २१.३ सहस्रांश. तुटणें कमी झालें, थांबलें नाहीं. शिवाय कानांतल्या श्रवणयंत्रांत गाणाऱ्यास स्वतःचा आवाज उशिरां येऊं लागला. तेव्हां तो संगणकाच्या फेऱ्यांतून न आणतां ऑडिओ इंटरफेसमधूनच थेट कानीं दिला. मग वाय-फाय बंद केलें. तासभर एकही जागा तुटली नाहीं. चालू करतांच पुन्हां तुटूं लागली. तीन वेळां पडताळा पाहिला. लेटन्सीमॉन नांवाच्या साधनानेंही दाखविलें, कीं वाय-फायचा ड्रायव्हर प्रोसेसरला फार वेळ अडकवून ठेवीत होता. दारावर हाक मारणारा तोच. तो ड्रायव्हर बदलला. तरी गाण्याच्या वेळीं वाय-फाय बंदच ठेवतों.

दुपारीं चारच्या सुमारास मात्र तोच प्रकार पुन्हां. वहिनींचेंही खरें होतें तर! प्रोसेसर फार तापला कीं जीव वाचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करतो. पंख्यामागच्या पट्ट्यांत धुळीचा थर बसला होता. तो काढला, यंत्र भिंतीपासून दूर केलें, आणि गाण्याची वेळ सकाळची ठरविली.

राहिलें कार्यक्रमाचें मिटणें. तो रोग निराळाच. सबंध संगणक बंद पडत असेल तर उष्णता, वीज आणि स्मृति तपासावी. एकटा कार्यक्रम मिटत असेल तर आधीं त्याला जोडलेले प्लगइन पाहावे. ते आमच्याकडे १६ होते. आठ काढले, तरी मिटला. म्हणजे दोषी उरलेल्या आठांत. त्यांतले चार, मग दोन, मग एक: चार फेऱ्यांत गुन्हेगार हातीं लागला. आवाजास घुमारा देणारें एक जुनें प्लगइन होतें. तें काढल्यापासून कार्यक्रम मिटलेला नाहीं.

एकाच लक्षणामागें दोन कारणें, आणि शेजारीं तिसरें दुखणें. कोणा एकाचें ऐकून नवा संगणक आणला असता, तर कदाचित् तोही तुटका गाता, आणि आत्याबाईंची खात्री पटली असती कीं उणें आपल्याच कंठांत आहे. घरांत दोष नेहमीं न बोलणाऱ्याकडे वाहत जातो. निदान म्हणजे त्याला मिळालेला न्यायच होय.

आतां तेवीस गाणीं सुरक्षित आहेत, दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपलेलीं. पहिल्या संध्याकाळचें एक गाणें पुन्हां म्हणतांना आत्याबाईंच्या तोंडून एक कडवें निराळेंच आलें. म्हणून तुटकें मुद्रणही आम्ही पुसलें नाहीं. उरलेल्या सात गाण्यांविषयीं त्यांचा निकाल झालेला आहे: "तीं भाद्रपदांतच म्हणेन, अकोल्यास, मूर्तीपुढें. तुमचें यंत्र घेऊन या." पुतण्यानें वहींत तसें लिहून ठेवलें आहे.