आठ क्रमांकाची ट्राम आणि पगाराचा खरा हिशेब

स्वित्झर्लंडमधील बाझल शहरातून निघालेली आठ क्रमांकाची ट्राम सीमा ओलांडते आणि जर्मनीतील वाइल आम ऱ्हाइन या गावी थांबते. डिसेंबर २०१४ पासून हा मार्ग सुरू आहे. शनिवारी या ट्राममध्ये रिकाम्या पिशव्या घेतलेली माणसे दिसतात. यांपैकी अनेकांचा पगार भारतीय माणसाला थक्क करील एवढा असतो. तरीही टूथपेस्ट, साबण, दूध आणि चीज आणण्यासाठी ती शेजारच्या देशात जातात.

कारण उघड आहे. तीच वस्तू, त्याच कंपनीची, पलीकडे बरीच स्वस्त मिळते. शिवाय खरेदी पन्नास युरोंहून अधिक असेल, तर निर्यातीच्या कागदावर जकात नाक्याचा शिक्का घेऊन जर्मनीचा मूल्यवर्धित कर परत मिळवता येतो. स्वित्झर्लंडने मात्र १ जानेवारी २०२५ पासून करमुक्त आयातीची मर्यादा माणशी दररोज ३०० फ्रँकवरून १५० फ्रँकवर आणली. व्यापारी घरांतील वाचकांना यामागील कारण सांगावयास नको. सीमेलगतच्या दुकानदारांचे गिऱ्हाईक रोज ट्रामने निघून जात होते.

उलट दिशेचा प्रवाहही तेवढाच मोठा आहे. बाझलची औषधनिर्मिती आणि तेथील रुग्णालये यांत काम करणारे हजारो लोक फ्रान्स व जर्मनीत राहतात. कमाई फ्रँकमध्ये, घरभाडे युरोमध्ये! व्यवहाराच्या भाषेत याला जमेची बाजू म्हणतात.

देशोदेशींच्या चलनांची तुलना करण्यासाठी ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९८६ मध्ये बिग मॅक बर्गरच्या किमतीचे माप काढले. शाकाहारी कुटुंबांना हे माप परके आहे; पण दोष तेवढाच नाही. बर्गर एकट्याने खाता येतो, संसार तसा चालत नाही. बाझलमध्ये आरोग्यविमा सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता पगारावर ठरत नाही. तो माणशी असतो, मुलांसाठीही वेगळा, आणि मालक त्यात सहसा भर घालीत नाही. म्हणून एकट्या तरुणाची शिल्लक आणि चौघांच्या कुटुंबाची शिल्लक यांत फार अंतर पडते. सरकारी शाळा विनामूल्य आहे, ही त्या कुटुंबाची भरपाई.

दुबईत चित्र उलटे. पगारावर आयकर नाही, मूल्यवर्धित कर अवघा पाच टक्के. परंतु परदेशी कुटुंबांची मुले बहुतांशी खासगी शाळांत जातात, घरभाड्याचे धनादेश आगाऊ द्यावे लागतात आणि वार्षिक भाड्याच्या पाच टक्के गृहशुल्क वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होते. निवृत्तिवेतन नाही; नोकरी सोडताना उपदान मिळते, तेही मूळ वेतनावर. पहिली पाच वर्षे दरवर्षी एकवीस दिवसांचे मूळ वेतन, असा हिशेब आहे. समजा, नियुक्तिपत्रात पंधरा हजार दिऱ्हॅम लिहिले आहेत. सगळेच मूळ वेतन असेल, तर पाच वर्षांचे उपदान ५२,५०० होईल. मूळ वेतन सहा हजार आणि उरलेले भत्ते असतील, तर २१,०००. म्हणून मुलाचे पत्र हाती आले की अनुभवी वडील एकूण आकड्याकडे नव्हे, दुसऱ्या ओळीकडे आधी पाहतात.