मोजमाप झाल्यावर

इतरांच्या समक्ष, इतरांच्या वतीने आणि मोठ्याने प्रार्थना करणे हा माझ्या चरितार्थाचाच भाग असल्यामुळे तिच्याकडे भक्ताच्या दृष्टीने जितके पाहिले तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, कारागिराच्या दृष्टीने पाहण्याची मला सवय जडली आहे. आणि ह्या कारागिरीचे जे काही मर्म मला उमगले असेल, ते बहुतांशी १९७२-७३ च्या दुष्काळात, पाथर्डी तालुक्यातील खडीच्या कामांवर उमगले. तत्पूर्वी मी प्रार्थना उत्तम करतो असा माझा लौकिक होता. तो लौकिक कसल्या मालावर उभा होता हे कळायला दोन पावसाळे कोरडे जावे लागले.

अमेरिकन मिशनरी नगरास १८३१ साली आले. पाळकाने पुस्तकावाचून, अंतःकरणात जे उद्भवेल ते शब्दांत मांडून प्रार्थना करावी, हा त्यांच्या पंथाचा परिपाठ; आणि कीर्तनाच्या पूर्वरंग-उत्तररंगावर कान तयार झालेल्या आम्हा मराठी उपदेशकांच्या हाती तो पडल्यावर त्याला जे पल्हाळ फुटले असेल त्याची कल्पना वाचकाने करावी. त्याच शहरात एस. पी. जी. मिशनची मंडळी मात्र इंग्लंडच्या धर्तीवर छापील प्रार्थनापुस्तकातून उपासना करीत असे. ही दोन्ही घराणी कित्येक वर्षे एकमेकांकडे आदराने, पण जरा तिरक्या नजरेनेच पाहत आली होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास उत्तर भारतातील मंडळ्यांचे ऐक्य झाले, आम्ही एका छत्राखाली आलो, आणि एकमेकांच्या पद्धतीची सवय व्हायच्या आतच दुष्काळाने दोन्ही पद्धतींची परीक्षा घेतली.

उत्स्फूर्त प्रार्थनेचा दोष टंचाईच्या काळात चटकन उघडा पडतो. जिभेला वळण लागलेले असते, दुःखाचा तपशील सभोवती मुबलक पडलेला असतो, आणि मग माणूस देवाला बातम्या सांगू लागतो: विहिरींनी तळ गाठला, गुरे छावणीत गेली, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी म्हाताऱ्यांच्या घशाखाली उतरत नाही. सर्वज्ञास हे ठाऊक असते. ते ऐकवायचे असते शेजारी उभ्या असलेल्या मामलेदारसाहेबांना. तगाईचे अडलेले प्रकरण तारीखवार निवेदन करणारी एक प्रार्थना मी स्वतः ऐकली आहे, आणि शेवटच्या 'आमेन'च्या जागी 'कळावे' आले असते तरी कोणास ते खटकले नसते.

छापील प्रार्थनेला हा रोग नाही. पर्जन्यासाठी करावयाची प्रार्थना त्या जुन्या पुस्तकात मोजक्या ओळींची आहे, आणि थकलेल्या माणसाला तिचा मोठा आधार वाटतो. परंतु तिच्याच शेजारी महागाई व दुष्काळ ह्यांसाठी जी प्रार्थना आहे, तीत ही टंचाई आम्ही आपल्या अधर्मामुळे न्यायानेच भोगत आहो, अशा आशयाचे एक कलम आहे. इंग्लंडातल्या एखाद्या गारव्याच्या देवळात ते विनयाचे वाटत असेल. वैशाखातल्या उन्हात, कडेवरचे मूल बाभळीला बांधलेल्या झोळीत घालून दिवसभर हातोडीने दगड फोडणाऱ्या बाईच्या तोंडी ते घालण्यास माझी जीभ धजावली नाही. ते वाक्य मी गाळीत असे, आणि त्याबद्दल मला अद्याप खंत नाही.

कामावरचा दिवस मोजमापाने संपत असे. फोडलेल्या खडीचे चौकोनी ढीग बायका पाट्या उपड्या घालून रचीत, कडा तळहाताने थोपटून सरळ करीत. मग कारकून टेप घेऊन येई, लांबी-रुंदी-उंची पुकारी आणि मुकादम ते आकडे वहीत चढवी. ब्रासाच्या हिशेबाने मजुरी ठरायची असल्यामुळे उंचीच्या आकड्यात दोन बोटे कमी धरली गेली तरी त्या बाईच्या चेहऱ्यावरून ते कळे. त्याआधी सुकडीचे वाटप झालेले असे, आणि कधी कधी मंडळ्यांच्या मदतनिधीतून आलेले धान्यही. त्याची यादी माझ्या हाती.

अडचण होती ती ह्या यादीची. १८७६ ते १८७८ च्या आणि नंतर संवत १९५६ च्या, म्हणजे छप्पनच्या, दुष्काळापाठोपाठ आमच्या जिल्ह्यात बाप्तिस्मे वाढले, आणि तेव्हापासून 'भाकरीसाठी बाटलेले' हा टोमणा आमच्या आज्या-पणज्यांनी ऐकून घेतला. त्या टोमण्यात सत्याचा अंश किती ह्याची चिकित्सा येथे नको; भुकेच्या वेळी ज्याला दुसरीकडे कोणी दारात उभे केले नाही, तो जेथे उभे केले तेथे राहिला, ह्यात लाज वाटण्याजोगे मला काही दिसत नाही. परंतु धान्याच्या पोत्यापाशी उभे राहून मी डोळे मिटले तर समोरच्या माणसालाही ते मिटणे भाग पडते, एवढे मला कळत होते. म्हणून वाटपाच्या जागी प्रार्थना करावयाची नाही असा मी स्वतःपुरता शिरस्ता घातला. मोजमाप होऊन आकडा वहीत पडला की मी पलीकडच्या बाभळीखाली जाऊन बसे. घंटा नाही, हाकारा नाही. ज्याला यावेसे वाटे तो येई, आणि आमच्या मंडळीबाहेरचेही बरेच येत, कारण सावली तेवढीच होती.

गावाने आपल्या परीने सर्व उपाय करून पाहिले होते. मुलांनी धोंडी काढली, मारुतीपुढे सप्ताह बसला. महादेव कोंडावयाचे मात्र राहिले, कारण पिंडी बुडेल इतके पाणी गाभाऱ्यात ओतायला गावात पाणीच नव्हते. एकदा मी पावसासाठी आरंभ करणार, तोच वंजारवाड्यातील एक म्हातारी मला थांबवून म्हणाली, "पादरीबाबा, पावसाचं ऱ्हाऊ द्या. ते समद्याच देवांच्या कानावर गेलंय. माझ्या सुनेला पान्हा फुटंना, तेवढं सांगा तुमच्या देवाला."

मी तेवढेच सांगितले. त्या दिवसापासून आरंभ करण्यापूर्वी, काय मागावयाचे ते मी बसलेल्यांना विचारू लागलो, आणि आश्चर्य म्हणजे पाऊस क्वचितच निघे. कोणाचा बैल छावणीत आजारी असे, कोणाचा नवरा मुंबईस जाऊन पत्र नसे, कोणाच्या टाचेत कपची गेलेली असे. यिर्मयाच्या ग्रंथाचा चौदावा अध्याय अवर्षणाविषयी आहे. त्यात थोरामोठ्यांची नोकरमाणसे हौदावरून रिकामी भांडी घेऊन परततात, आणि गवत नाही म्हणून हरिणी पाडसाला टाकून जाते. उपदेशकांना त्यापेक्षा एलीयाचा ढग आवडतो, कारण त्यात शेवटी पाऊस पडतो. यिर्मयाला मात्र ह्या लोकांकरिता प्रार्थना करू नकोस असे देवच बजावतो, आणि तो तरीही करीत राहतो. त्या उन्हाळ्यात मला जवळचा वाटला तो हाच.

ह्याहून बिकट प्रसंग पाण्याचा होता. सरकारी टँकर गावच्या विहिरीत रिकामा होई. पाणी विहिरीत पडले की ते गावाचे होई, आणि गाव म्हणजे कोण हे फार पूर्वीच ठरलेले असे. आमच्या वस्तीतल्या बायांनी घागरी ठेवून बाजूला उभे राहावयाचे आणि वरून कोणी ओतील तेव्हा ओतील. ज्यांनी त्यांना तिष्ठत ठेवले त्यांच्याच घरची माणसे सायंकाळी बाभळीखाली माझ्या समोर बसत. आमच्या मंडळीतील तरुणांचे म्हणणे, प्रार्थनेत हे स्पष्ट काढा. मी नाकारले, कारण डोळे मिटून, हात जोडून बसलेल्या माणसाला उत्तर देण्याची सोय नसते, आणि देवाला पुढे करून त्याच्यावर मारा करणे मला नामर्दपणाचे वाटले. मी कचेरीत अर्ज गुदरला, आणि गावच्या पुढाऱ्यांना जे बोलावयाचे ते भर चावडीत, डोळे उघडे ठेवून बोललो. टँकरने वस्तीपाशी थांबून पिंपे भरावीत असा हुकूम यथावकाश निघाला.

परंतु मधल्या दिवसांत मंडळीतील एक वृद्ध पंच मला म्हणाले, "साहेब, तुम्ही मिशनच्या आवारातलं पाणी पिता. तुम्हाला गप्प बसाया जमतं. आम्ही देवापुढंबी बोलायचं न्हाई तर कुठं बोलायचं?"

ह्यावर युक्तिवाद करण्याजोगे माझ्याजवळ काही नव्हते. तक्रारीची प्रार्थना माझ्या तोंडी शोभत नव्हती, कारण तहान माझी नव्हती. त्यांच्या तोंडी ती पूर्ण न्याय्य होती. त्या सायंकाळी मी त्यांनाच प्रार्थना करावयास सांगितले. त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही, कोणाला शाप दिला नाही. उन्हात तापलेल्या रिकाम्या घागरी किती वेळ तशाच होत्या, एवढे ते देवाला रागाने, जवळजवळ दरडावून विचारीत राहिले. समोरच्या दोघांनी डोळे उघडलेले मला दिसले, म्हणजे मीही उघडलेच होते. पुढे मी पुष्कळ वेळा नुसता बसत असे आणि प्रार्थना दुसरे करीत. केडगावास पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात १९०५ साली शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या तेव्हा काही मिशनरींना ती अव्यवस्था वाटली होती; परंतु त्यांतल्या कित्येक मुलींनी दुष्काळ पाहिलेला होता, आणि त्यांच्या वतीने बोलायला दुसऱ्या कोणाची जरूर होती असे मला वाटत नाही.

१९७३ च्या पावसाळ्यात पाऊस आला. पुस्तकात त्याची उपकारस्तुतीही आहे, आणि त्या रविवारी ती वाचावयाची म्हणून मी बाकांवरची धूळ पुसून घेतली. उपासनेच्या वेळी मंडळीत चिटपाखरू नव्हते. बऱ्याच वेळाने पंचांचा नातू पायांना चिखल लावून निरोप घेऊन आला: वापसा झालाय, पाभरी चालल्यात, साहेबांनी उपकारस्तुती पुढच्या रविवारी धरावी. मी नोंदवहीत 'पेरणीमुळे उपासना तहकूब' असा शेरा लिहून सही केली, आणि वरच्या कार्यालयाकडून त्याबद्दल कधी विचारणा झाली नाही.