वाऱ्याला तोंड

माझे नाना शिकारी होते, असं वर्गात सांगितलं की पोरांचे डोळे मोठे होतात. मग लगेच पुढचं सांगावं लागतं. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यानंतर नानांनी आपली एकनळी बंदूक ठाण्यात जमा केली, ती परत आणली नाही. आज चितळाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण नानांजवळची विद्या बंदुकीबरोबर जमा झाली नाही. ती त्यांनी मला दिली.

माझं आजोळ चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या जंगलापासून फार लांब नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत नाना मला नाल्याकाठी न्यायचे. रुईचं बोंड फोडून त्यातली म्हातारी हवेत सोडायचे आणि विचारायचे, "बता बेटा, हिरन किधर से आना चाहिए?" म्हातारी जिकडे उडाली तिकडे आपला वास गेला. म्हणून चितळ तिच्या उलट दिशेला असायला हवं. वारा आपल्या तोंडावर हवा, पाठीवर नाही. हलला नाहीत तर चितळाच्या डोळ्यांना एखादे वेळी चकवता येतं, नाकाला नाही. रुई नसली तर राखेची पुरचुंडी असायची.

सकाळी ऊन चढलं की उतारावरची हवा तापून वर सरकते, तेव्हा शिकाऱ्यानं जनावराच्या वरच्या अंगाला राहायचं. संध्याकाळी गार हवा नाल्यानाल्यानं खाली उतरते, तेव्हा खालच्या अंगाला. दुपारी वारा गरगरतो, तेव्हा सरळ घरी यायचं.

नाना अत्तराचे मोठे शौकीन. जुम्म्याला कानात हिन्याचा फाया ठरलेला. पण शिकारीच्या आधी दोन दिवस अत्तर बंद, साबण बंद, डोक्याला तेल नाही, बिडी नाही, कच्चा कांदा नाही. कपडे नुसत्या पाण्यात धुवून चुलीच्या धुरापासून लांब वाळवायचे. चालायचंही हळू, घाम येऊ नये म्हणून. नानी म्हणायची, "शिकार के दिन ये आदमी घर में है के नहीं, पता नहीं चलता."

2012 मध्ये मी बी.एड.साठी नागपूरला गेलो. खोली शोधायला निघालो तो दिवस शुक्रवारचा. नमाज पढून तसाच गेलो होतो. जिना चढून दारात उभा राहिलो. आतल्या बाईंनी बोलण्याआधी श्वास घेतला, माझ्या टोपीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खोली आत्ताच गेली हो." खाली फाटकावर पाटी तशीच लटकत होती.

पुढच्या वेळी मी मंगळवारी गेलो. अत्तर नाही, सुरमा नाही, टोपी पिशवीत. खोली मिळाली. नाव मी लपवलं नव्हतं. बाकी सगळं लपवलं. वर्षभर त्या खोलीत मटण शिजलं नाही. ईदला घरून आलेला शीरखुर्मा खिडकी लावून खाल्ला. फोनवर अम्मीशी मराठीत बोलायचो. ती बिचारी गोंधळून विचारायची, "तबीयत ठीक है ना?"

खोली सोडताना घरमालकीण काकू चांगल्या मनानं म्हणाल्या, "सर, तुमच्यासारखा भाडेकरू मिळायचा नाही. तुमच्या खोलीला कसला वासच नाही. कोणी राहतं असं वाटलंच नाही."

मी हे कौतुक समजलो. गावी गेल्यावर नानांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तुमची विद्या शहरात कामाला आली. नाना तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले, खाटेवर पडून होते. हसतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हम बू छुपाते थे, क्योंकि हिरन को मारना था. तू किसको मारने गया था?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यांनी उशीखालून हिन्याची कुपी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

मराठीत म्हणतात, वारा पाहून पाठ फिरवावी. नाना आयुष्यभर वाऱ्याला तोंड देऊन बसले. तरी तेही लपण्यासाठीच होतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच कदाचित बंदूक गेल्याचं दुःख त्यांनी कधी केलं नाही.

आता नाना नाहीत. पाचवीच्या वर्गात हवेचा धडा आला की मी रुईचं बोंड घेऊन जातो आणि पोरं म्हातारीमागे धावतात. जुम्म्याला मी अत्तर लावतो, शाळेतही आणि तालुक्याच्या बैठकीलाही. पण खरं सांगायचं तर बैठकीच्या खोलीत शिरताना पंखा कोणत्या बाजूला आहे, हे मी अजूनही आधी पाहतो.