परदेश कुठून सुरू होतो?

शाबानचा महिना होता. असरची नमाज आटोपून आम्ही चौक मंडईतून घरी परतत होतो, तोच मागून 'सर, सर' अशी हाक आली. वळून पाहिले तर आमची जुनी विद्यार्थिनी. दहावीला आमच्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकलेली, आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सलाम करून तिने मोबाईल पुढे केला. परदेशात सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी तिची निवड झाल्याचे पत्र होते. काम एका 'सामाजिक उद्योगा'त, म्हणजे असा उद्योग जो माल विकून स्वतःच्या पायावर उभा राहतो, पण नफा मालकाच्या खिशात न घालता लोकांच्या कामाला लावतो.

"मुबारक हो बेटा," आम्ही म्हणालो. "पगार किती देणार?"

"पगार नाही सर. आपल्यालाच फी भरायची आहे. तिकीट, व्हिसा, जेवण वेगळे."

सगळा हिशेब दीड लाखाच्या पुढे जात होता. तिचे अब्बा रिक्षा चालवतात. अम्मीने सोन्याच्या बांगड्या कपाटातून काढून ठेवल्या होत्या. शेवटी ती हळूच म्हणाली, "अब्बा म्हणाले, सर सांगतील तसे करू."

शिक्षकाच्या डोक्यावर असे ओझे आले की पाय जड होतात. हो म्हणावे तर एका घराचे दागिने जातात, नाही म्हणावे तर एका मुलीची वाट अडते. आम्ही चार दिवस मागून घेतले.

पहिल्या दिवशी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला घरी चहाला बोलावले. दोन वर्षांपूर्वी तो असाच, एका दुसऱ्या संस्थेमार्फत, फी भरून परदेशी गेला होता. परत आल्यावर शाळेत त्याचा सत्कार झाला होता आणि फोटो पाहून आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. या वेळी फोटो बाजूला ठेवून बोलायला सांगितले.

"सर, खरे सांगू? मला लहान मुलांना इंग्रजी शिकवायला दिले होते. मी फळ्यावर सफरचंद काढले, तर मुलांनी माझ्याआधीच सगळी अक्षरे म्हणून दाखवली. त्या वर्षी त्यांच्याकडे माझ्यासारखे तीनजण येऊन गेले होते. प्रत्येकाने 'ए'पासूनच सुरुवात केली होती."

म्हणजे काहीच मिळाले नाही का? तसेही नव्हते. अनोळखी शहरात जुम्याच्या नमाजला शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने खुणेनेच त्याला घरी जेवायला नेले होते. स्वतःचे कपडे धुणे, पैसे जपून वापरणे, चूक झाली की माफी मागणे हे सारे तो तिथे शिकला. "पण सर, ते मी शिकलो. त्या मुलांना माझ्याकडून काय मिळाले, हे अजून मला सांगता येत नाही."

तो गेल्यावर आम्हाला स्वतःचीच लाज वाटली. हा मुलगा निघाला तेव्हा आम्ही एकही प्रश्न विचारला नव्हता. मुलीच्या वेळी मात्र किती प्रश्न डोक्यात आले: कुठे राहील, सोबत कोण, लोक काय म्हणतील. सोबतीच्या, मेहरमच्या प्रश्नावर घरोघरी वेगवेगळे मत आहे. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारून ठरवावे. पण काम खरे आहे का, ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते हवे आहे का, हे प्रश्न मुलगा असो की मुलगी, दोघांनाही सारखेच लागू होतात. ते आम्ही कोणालाच विचारले नव्हते.

मग वाटले, तिने आधी एखादा असा उद्योग डोळ्यांनी पाहावा. त्यासाठी विमानाची गरज नव्हती. आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडी गावात सह्याद्री फार्म्स आहे. फोन करून परवानगी घेतली आणि रविवारी सकाळी निघालो. रिक्षा तिच्या अब्बांची, चालवणारे तेच. मागे ती, तिची अम्मी आणि आम्ही.

द्वारकेवरून मुंबई-आग्रा महामार्गाला लागलो. कन्नमवार पुलावर गोदावरी ओलांडताना अब्बांनी नेहमीच्या सवयीने डावीकडे मान वळवली. "कुंभमेळ्यात इथून रिक्षा पुढे सोडत नव्हते," ते म्हणाले.

त्या कुंभमेळ्याचीच एक गोष्ट आम्ही मुलीला सांगितली. २००३ च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे गेली होती. २०१५ चा मेळा जवळ आला तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेतले प्राध्यापक रमेश रासकर यांनी पुढाकार घेतला. ते मूळचे नाशिकचेच. 'कुंभथॉन' नावाने २०१४ पासून इथे शिबिरे भरू लागली. परदेशातले विद्यार्थी आणि संशोधक आले, आपल्याकडची कॉलेजची आणि शाळेची मुले त्यांच्या बरोबरीने बसली. गर्दी, आजार, राहण्याची सोय अशा प्रश्नांवर डोके चालवले गेले. त्यातल्या एका गटाने पायांखाली अंथरायची चटई केली. तिच्यावरून किती पावले गेली ते मोजले जाई आणि गर्दी कुठे तुंबते आहे ते वेळेत कळे. त्या गटात निलय कुलकर्णी हा नाशिकचा शाळकरी मुलगा होता. ही चटई २०१५ च्या मेळ्यात प्रत्यक्ष वापरली गेली. पुढे टाटा कन्सल्टन्सीने याच शहरात 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' सुरू केले, तिथे तरुण मंडळी सामाजिक प्रश्नांवर उपाय शोधतात.

"म्हणजे त्यांच्यासाठी आपले नाशिक हाच परदेश होता," मुलगी म्हणाली.

हो, आणि हे काही आजचे नाही. १३२५ साली एकविसाव्या वर्षी तांजाहून निघालेला इब्न बतूता दिल्लीत काझी झाला, पुढे दौलताबादवरून आणि नंदुरबारवरून गेला. आपले दख्खन आणि खानदेश त्याच्या सफरनाम्यात परदेश म्हणूनच आले आहेत. जमिनीवर फिरा आणि पाहा, अशी ताकीद कुरआनात एकाहून अधिक ठिकाणी आहे. तिच्यात फिरण्याइतकाच पाहण्यावर भर आहे.

आडगाव मागे पडले. दहावा मैलावरून आत वळून जानोरीकडे लागलो तशी दोन्ही बाजूंना द्राक्षांची बाग सुरू झाली. मांडवाखाली घड लोंबत होते, काही बागांत काढणी चालू होती. प्लास्टिकच्या क्रेट भरून पिकअप गाड्या आमच्याच दिशेने जात होत्या. त्यांच्या मागेमागे आम्ही मोहाडीला पोहोचलो.

आत जाण्यापूर्वी डोक्याला जाळीची टोपी, अंगावर कोट, हात धुणे. मुलीने स्कार्फवरूनच टोपी घातली. आत गारवा होता. लांबच लांब टेबलांवर बायका घडातले खराब मणी छोट्या कात्रीने काढत होत्या, वजन करून घड पारदर्शक डब्यांत भरत होत्या. अर्ध्या किलोचे दहा डबे एका खोक्यात, म्हणजे पाच किलो. मग माल थंड करायचा आणि शीतगृहातून कंटेनरमध्ये. कंटेनर न्हावा शेवा बंदरात जातो आणि तिथून जहाजाने युरोपला. बागेतून तोडलेला घड तिथल्या दुकानात लागेपर्यंत काही आठवडे जातात. तोवर तो ताजा राहिला पाहिजे.

माहिती देणाऱ्या तरुणाने एका खोक्यावरचा आकडा दाखवला. "यावरून हा माल कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटचा, ते कळते." निर्यातीच्या द्राक्षबागांची नोंद आणि औषधांच्या अंशाची तपासणी सरकारच्या 'ग्रेपनेट' पद्धतीत होते. तपासणी इतकी कडक का, त्याचेही कारण आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली आणि नाशिकच्या शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. एकटा शेतकरी अशा तडाख्यापुढे टिकत नाही. विलास शिंदे आणि त्यांच्यासोबतच्या शेतकऱ्यांनी उभारलेली ही कंपनी त्याच काळातली. इथे माल देणारा शेतकरी हाच भागधारक असतो. सुरुवात द्राक्षांपासून झाली, पुढे टोमॅटो, डाळिंब, आंबा अशी फळे-भाज्या आणि त्यांच्यावरची प्रक्रिया आली. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी हिच्यात सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले.

मुलगी वहीत लिहून घेत होती. आम्हाला वाटले होते की प्रश्न तीच विचारेल. विचारला तो तिच्या अब्बांनी. इतका वेळ हात मागे बांधून गप्प उभा असलेला माणूस एकदम म्हणाला, "भाऊ, एक विचारू? हे शेतकरी आधी एकमेकांशी भांडत नव्हते का? एकत्र कसे आले?"

तरुण हसला. "भांडायचे, अजूनही भांडतात. पण हिशेब सगळ्यांसमोर असतो ना."

परतीच्या वाटेवर अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. आडगावजवळ चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "सर, आमच्या स्टँडवर इतक्या रिक्षा. टायर प्रत्येकजण एकटा घेतो, ऑईल एकटा, विमा एकटा. दुकानदार सांगेल तो भाव. आमच्यातले कितीजण तर रिक्षाचे मालकही नाहीत, रोजचे भाडे भरतात. आम्हाला कधी असे सुचले नाही."

मुलगी अब्बांकडे पाहत राहिली. लहानपणापासून ती याच रिक्षात बसून शाळेत आली होती. टायर कितीला येतो, हे तिने कधी विचारले नव्हते.

त्या रात्री आम्ही तिला जोब्रा गावाची गोष्ट सांगितली. १९७६ साली बांगलादेशातल्या चितगाव विद्यापीठात मुहम्मद युनूस अर्थशास्त्र शिकवत होते. विद्यापीठाला लागून असलेल्या जोब्रा गावात ते विद्यार्थ्यांना घेऊन जाऊ लागले. सावकाराच्या पाशात अडकलेल्या ४२ जणांची यादी झाली. सगळ्यांची मिळून गरज निघाली फक्त २७ डॉलरची. ती त्यांनी स्वतःच्या खिशातून भागवली. त्यातून पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये युनूस आणि बँक दोघांना शांततेचे नोबेल मिळाले. आज जगभरातले विद्यार्थी तिथे काम शिकायला जातात. ही बँक व्याजावर चालते, तेव्हा आपल्या वाचकांच्या मनात शंका येईल आणि ती रास्तच आहे. त्यांची बँक नाही घेतली तरी यादी करण्याची त्यांची रीत आपल्याला घेता येते.

आणि बिनव्याजी, आपल्या परंपरेतला नमुना हवा असेल तर तोही घरात आहे. उन्हाळ्यात आपण ज्याचे रूहअफ्जा पितो ते हमदर्द १९०६ साली दिल्लीत एका छोट्या दवाखान्यातून सुरू झाले. १९४८ मध्ये हकीम अब्दुल हमीद यांनी ते वक्फ केले. धंदा चालत राहिला आणि नफा शिक्षण व आरोग्याच्या कामाला लागला. 'सामाजिक उद्योग' हा शब्द आपल्या कानावर यायच्या कितीतरी आधी ही गोष्ट झाली.

चौथ्या दिवशी मुलगी आली. आम्ही हो किंवा नाही म्हणण्याआधी तिनेच सांगितले, "सर, मी त्या संस्थेला तीन प्रश्न पाठवले. माझे काम नेमके काय, माझ्याआधी ते कोण करत होते आणि मी गेल्यावर कोण करणार. उत्तर आले, पण त्यात फक्त फी भरायची शेवटची तारीख होती."

बांगड्या परत कपाटात गेल्या. ती थोडी रडली, हे तिच्या अम्मीकडून नंतर कळले.

रमजानमध्ये तरावीहनंतर स्टँडवर चहाच्या टपरीपाशी ती अब्बांसोबत वही घेऊन बसू लागली. पहिल्या रात्री रिक्षावाले हसले. तिसऱ्या रात्री एकाने स्वतःहून विम्याचा कागद आणून दाखवला. ईदपर्यंत तिच्या वहीत अकरा जणांचा महिन्याचा हिशेब उतरला होता. सीएनजीच्या रांगेत जाणारे तासही तिने लिहिले होते. अजून काही उभे राहिलेले नाही. टायर एकत्र घ्यायचे ठरले आणि दोघांनी माघार घेतली. एकाला वाटते, यात मास्तरांचा काही फायदा असणार. २०२७ मध्ये कुंभमेळा पुन्हा नाशिकला आहे. त्या गर्दीत रिक्षावाल्यांचे काय होणार, हा प्रश्न तिने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे.

परदेशाचे दार तिने बंद केलेले नाही. पासपोर्ट तिने काढून घेतला. आता ती अशा जागा शोधते जिथे राहण्या-जेवणाची सोय संस्था करते आणि काम आधी लिहून देते. अब्बांची अट एकच आहे, राहण्याची जागा आणि सोबत यांची खात्री. ती अट आम्हाला वाजवी वाटते, फक्त ती मुलग्यांनाही लागू व्हावी.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असे पत्र आले असेल तर एवढेच करा. फी भरण्याआधी मुलीने विचारलेले ते तीन प्रश्न लिहून पाठवा आणि उत्तराची वाट पाहा. तोवर एका रविवारी सगळ्या घरादाराला घेऊन मोहाडीसारखी एखादी जागा पाहून या. अम्मी-अब्बांनाही न्या. प्रश्न त्यांच्याकडूनच येण्याची शक्यता जास्त आहे.