बाबांची वही आणि आईचा चिंचोकी रंग

केस रंगवल्याचा हिशेब कुणी लिहून ठेवतं का? आमच्या बाबांनी ठेवला होता. उभा जन्म बँकेत आकडे लिहिण्यात गेला, निवृत्त झाल्यावर लिहायला आकडे उरले नाहीत. मग दूध, गॅसचा सिलिंडर आणि आईचे केस, अशा तीन गोष्टींची एक वही सुरू झाली. दुधाची आणि सिलिंडरची पानं आम्ही रद्दीत दिली. केसांची पानं माझ्याकडे आहेत.

आईचे केस मुळात काळेभोर नव्हतेच. चिंचोक्याचा असतो तसा रंग, सावलीत काळा वाटणारा आणि उन्हात तपकिरी. चाळिशीत पांढरे व्हायला लागले तेव्हा आम्ही इंदूरला रामबागेत राहायचो. तेव्हा सगळ्यांच्या घरी होती तीच पद्धत: सियागंजातून सोजतची मेंदी आणायची, रात्री लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवायची, आवळ्याची पूड घालायची आणि रविवारी डोक्यावर थापून गच्चीत बसायचं. सुरुवातीला छान दिसायचं. पण मेंदी केसाचा मूळ रंग काढत नाही, त्याच्यावर आपला रंग चढवते. काळ्या केसावर ती नुसती लालसर झाक देते, पांढऱ्यावर सरळ नारिंगी दिसते. त्यामुळे पांढरे केस वाढले तशी आई दरवर्षी जास्त केशरी होत गेली. धाकटा भाऊ तिला गाजराचा हलवा म्हणायचा आणि मार खायचा.

मग काळी पावडर आली. ती इतकी काळी की डोक्यावर टोपी घातल्यासारखं वाटायचं. त्यानंतर एका मुंजीसाठी आई पार्लरमध्ये जाऊन आली (नाव सांगत नाही, आता ते दुकानही नाही). तिथल्या बाईंनी "आंटी, बरगंडी सूट करेगा" म्हणून जे लावलं, ते पांढऱ्या केसांवर वांगी रंगाचं झालं. आईने मुंजीत तीन तास डोक्यावरून पदर घेतला. लोकांना वाटलं, केवढी ही मर्यादा!

बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जाऊन एकाच कंपनीची तीन खोकी घेऊन आले. खोक्यावर नंबर असतात हे मला तेव्हा कळलं. बहुतेक ठिकाणी १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ तपकिरी, ५ फिका तपकिरी. बायका खोक्यावरच्या मुलीचा फोटो बघून रंग घेतात आणि मग रडतात. त्या मुलीचे केस आधी कसे होते हे खोकं कुठे सांगतं? तोच रंग काळ्या केसावर दिसतही नाही आणि पांढऱ्यावर भडक उठतो.

आईचा फणीतला गुंतवळ बाबांनी जमवून ठेवला होता. त्यातले पांढरे केस वेगळे काढून छोट्या छोट्या बटा केल्या, दोऱ्याने बांधल्या आणि प्रत्येकीवर वेगळा नंबर, वेगळी मिनिटं. २०, २५, ३०, ३५. धुऊन, वाळवून सेलोटेपने वहीत चिकटवल्या. ते पान उघडलं की शाळेतल्या वनस्पतींच्या वहीची आठवण येते. शेवटी ठरलं: ४ नंबरचे दोन भाग, ३ नंबरचा एक भाग, ३० मिनिटं. त्या बटेशेजारी आईच्या हस्ताक्षरात एकच शब्द आहे, "हाच."

पुढची बावीस वर्षं दर पाच आठवड्यांनी बाबाच आईचे केस रंगवत. वहीतल्या नोंदी अशा: "कोपर, २ दिवस, ठीक." म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहिली, खाज नाही, लाली नाही. हे ते दरवेळी करत. आई वैतागायची, "इतकी वर्षं लावतेय, आता काय होणारे?" पण या रंगाची ॲलर्जी वर्षानुवर्षं लावल्यावरही एकदम सुरू होऊ शकते, हे त्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. "कानशिलं आधी" अशी नोंद दर पानावर आहे, कारण तिथले पांढरे केस हट्टी असतात, लवकर रंग घेत नाहीत. "टोकांना शेवटची ५ मि." कारण टोकांवर आधीचा रंग असतोच. दरवेळी पूर्ण वेळ ठेवलं की टोकं काळी पडत जातात आणि मुळं वेगळीच दिसतात. "काच, स्टील नको." "तेल नको."

एक नोंद मला कळत नव्हती: "पा. न." भाऊ म्हणाला, पाणी नको. पण पाण्याशिवाय केस धुणार कसे? आईला विचारलं तर ती हसली. पाणी नर्मदेचं. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ साली आलं, जलूदहून सत्तरेक किलोमीटर वर चढवून. तरी आमच्याकडे बोअरिंगही होतंच आणि त्या पाण्याला साबणाचा फेस यायचा नाही. तसल्या जड पाण्याने केसांवर क्षार बसतात, रंग मंद आणि कुठे कमी कुठे जास्त होतो. म्हणून बाबा नळाच्या वेळेला दोन बादल्या भरून ठेवायचे, केस धुवायला म्हणून वेगळ्या.

बाबा श्रावणात गेले. दिवाळीपर्यंत आईच्या भांगात दीड इंच पांढरी पट्टी दिसायला लागली होती. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, तेव्हा बाबांना जाऊन किती दिवस झाले हे तिच्या डोक्यावर मोजता येत होतं. आम्ही कुणी त्याबद्दल बोललो नाही. बोलली ती आत्या. भाऊबीजेला दादा नाही म्हणून ती येऊन नुसती बसली होती. रडून झाल्यावर आईच्या केसांकडे बघून म्हणाली, "आता वहिनी कशाला रंगवतील! झालं ते सगळं दादाबरोबर."

ती वाईट मनाने बोलली नाही. पण आई उठून आत गेली.

आईच्या आजीबद्दल इथे सांगायला हवं. ती देवासची. आईने लहानपणी तिला पाहिलंय, लाल आलवणातली, पदराखाली केस नाहीत. न्हावी मागच्या दाराने यायचा आणि तो येऊन गेला की आजी दिवसभर कुणाशी बोलायची नाही, इतकंच आईला आठवतं. आमच्या घरांतून ती प्रथा गेली त्याला खूप वर्षं झाली, आपण सगळे सुधारलेले. पण "आता कशाला" हे दोन शब्द काही गेलेले नाहीत. वस्तरा गेला, एवढाच काय तो फरक, असं त्या दिवशी मला वाटलं. राजवाड्यासमोर अहिल्याबाईंच्या पुतळ्यापुढे आपण इंदूरकर इतक्या मानाने हात जोडतो. विधवा बाईने राज्य केलेलं चालतं. केस रंगवलेले का खुपावेत?

आत्या गेल्यावर मी आईला म्हटलं, "तुला नको असेल तर राहू दे, हळूहळू कापून टाकू, पांढरेही छान दिसतील." यात माझं काही मत नव्हतं. माझे स्वतःचे केस मी तीन वर्षं रंगवलेले नाहीत. तिला जे हवं ते व्हावं, एवढंच.

आई म्हणाली, "पेन्शनसाठी बँकेत फोटो द्यायचाय. त्यात मी अशी अर्धी-अर्धी नको. वही काढ."

काढली. कोपराला थेंब लावला, दोन दिवस थांबलो. दोन खोकी आणली, काचेच्या वाटीत दोनास एक कालवलं. हे मिश्रण वाटीत आधी फिकट असतं, मग हवा लागून काळं दिसायला लागतं. नवीन माणूस तिथेच घाबरतो, पण वाटीतला रंग म्हणजे डोक्यावरचा रंग नव्हे. कानशिलं आधी, मग भांग, मग मागचं. टोकांना शेवटची पाच मिनिटं. आई अख्खा वेळ डोळे मिटून बसली होती. मध्येच म्हणाली, "ते कपाळाला व्हॅसलिन लावायचे." वहीत ते नव्हतं. उठून व्हॅसलिन आणलं.

नर्मदेच्या पाण्याने धुतलं. वाळल्यावर गॅलरीत उन्हात नेऊन वहीतली ती बट तिच्या केसांशेजारी धरली. बावीस वर्षांत बटेचा रंग थोडा विटलाय, तरी जवळपास जुळला.

आत्याला हे माहीत आहे. ती नंतर दोनदा येऊन गेली. केसांकडे बघते आणि तब्येतीचं विचारते. आईही विषय काढत नाही. दोघी मिळून बाबांच्या लहानपणीचं बोलत बसतात.

फोटो बँकेत दिला. घरी आल्यावर आईने त्याची उरलेली प्रत खिडकीत नेऊन बघितली आणि मला म्हणाली, "मागच्या बाजूला जरा गडद झालाय गं. पुढच्या वेळी तिथे पाच मिनिटं कमी ठेव. आणि लिहून ठेव, विसरशील."