बत्तीस डॉलर पस्तीस सेंट

अमेरिकेत म्हाताऱ्या माणसाला तपासण्याचं मोल एका आकड्यावर ठरतं. २०२५ साली तो आकडा होता ३२ डॉलर ३५ सेंट. ही माझी फी नव्हे. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठी असलेला सरकारी आरोग्य विमा, डॉक्टरच्या प्रत्येक कामाला गुण देतो. डोकं आणि वेळ किती लागला याचे काही, दवाखाना चालवण्याच्या खर्चाचे काही, आणि उद्या कोणी खटला भरलाच तर त्यासाठी काढून ठेवलेल्या विम्याचे काही. ठिकाणाप्रमाणे त्यात थोडी वाढघट होते. मग या गुणांची बेरीज करायची आणि तिला त्या वर्षीच्या आकड्याने गुणायचं. मधुमेह-रक्तदाबाची नेहमीची तपासणी तेव्हा साधारण नव्वद डॉलरच्या आसपास पडे. मोतीबिंदू काढणं, हृदयावरची शस्त्रक्रिया, शेवटच्या दिवसांत काय हवं नि काय नको याविषयी रुग्णाशी बोलणं, या सगळ्याला वेगवेगळे गुण आहेत. आकडा मात्र २०२५ साली एकच होता.

ही पद्धत १९९२ साली सुरू झाली तेव्हा तो आकडा ३१ डॉलर होता. मीही त्याच वर्षी इथे रेसिडेन्सीला लागले. तेहतीस वर्षांत १ डॉलर ३५ सेंटची वाढ.

सांगलीकडच्या माणसाला यातलं काहीच नवीन वाटू नये. माझे वडील ऊस लावत. उसाचा भाव दिल्ली ठरवणार, कारखाना पहिली उचल किती द्यायची ते ठरवणार आणि खताचा, मजुरीचा, पाण्याचा भाव कोणीच ठरवणार नाही, तो आपला वाढत राहणार. १९८० च्या आंदोलनात नाशिककडे ऊस आणि कांद्यासाठी रस्ते अडले तेव्हा मी सातवीत होते. वडील आमच्या ओसरीवर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि म्हणत, "दान नकोय आम्हाला, घामाचा दाम द्या." भाव मागायला रस्त्यावर बसायचं असतं हे मी तिथे पाहिलं. इथे भाव मागायला काळा सूट घालून वॉशिंग्टनला जातात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मीही गेले. पहिल्यांदाच नव्हे, चौथ्यांदा. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात आमचा दवाखाना आहे. पोलादाचे कारखाने बंद पडले, तरुण माणसं निघून गेली आणि आईबाप मागे राहिले, असं ते गाव. साहजिकच आमचे निम्म्याहून अधिक रुग्ण मेडिकेअरवर. डॉक्टर दोघंच: मी आणि माझ्याहून बारा वर्षांनी मोठे माझे भागीदार. बाकी नर्सा, स्वागतकक्ष, बिलं पाहणाऱ्या बाई धरून नऊ माणसांचे पगार. त्या जानेवारीपासून आकड्यात २.८३ टक्के कपात झाली होती. आमच्या घरमालकाने मात्र भाडं कमी केलं नव्हतं.

खरं तर ती कपात डिसेंबरातच बरीचशी भरून निघणार होती. दीड हजारांहून अधिक पानांच्या एका विधेयकात आमच्यासाठी अडीच टक्के घातलेले होते. दोन्ही पक्षांची तडजोड झाली होती. मग समाजमाध्यमांवर आरडाओरडा झाला, विधेयक मोडीत निघालं, रातोरात एक सुटसुटीत विधेयक आलं आणि त्यातून आम्ही गळालो. आमच्यावर कोणाचा राग होता म्हणून नव्हे. पानं कमी करायची होती, इतकंच.

या मागणीचा इतिहास मला नेहमीच गमतीदार वाटत आला आहे. १९६१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने एक ध्वनिमुद्रिका काढली. आवाज होता रोनाल्ड रेगन यांचा, तेव्हा ते नट होते. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, ती तबकडी ऐकवायची आणि सरकारी वैद्यकीय विम्याच्या विरोधात काँग्रेसला पत्रं लिहायला सांगायचं, अशी ती मोहीम होती. तरीही १९६५ च्या ३० जुलैला अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. ज्या गोष्टीमुळे वैद्यकीचा सत्यानाश होणार होता ती वैद्यकीचा सगळ्यात मोठा ग्राहक झाली. आज तीच संघटना त्याच इमारतींच्या दारांत उभी राहून म्हणते, मेडिकेअर वाचवा, आम्हाला दर वाढवून द्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरात स्थलांतराचा नवा कायदाही आला आणि आमच्यासारख्या भारतीय डॉक्टरांना दार उघडलं. एक गोष्ट आमच्यातले फार कमी लोक बोलून दाखवतात. इथल्या रेसिडेन्सीचा बराचसा खर्च मेडिकेअरच उचलतं. म्हणजे महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात नाममात्र फी भरून मी डॉक्टर झाले, आणि पुढे तज्ज्ञ झाले ती अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या विम्याच्या पैशावर. दोन देशांच्या तिजोऱ्यांनी मला शिकवलं. सूट घालून दर मागायला जाताना हे माझ्या डोक्यात असतं. त्यामुळे मागणी चुकीची ठरते असं नाही, पण आवाज जरा खाली येतो.

दरांची लढाई कशी चालते हे मला २००८ च्या जुलैत नीट कळलं. त्याआधी अकरा वर्षं, म्हणजे १९९७ साली, काँग्रेसने एक सूत्र कायद्यात घातलं होतं: डॉक्टरांवरचा एकूण खर्च देशाच्या उत्पन्नाच्या गतीहून अधिक वाढला की पुढच्या वर्षी दर आपोआप कापायचा. २००२ मध्ये तो खरोखरच ४.८ टक्क्यांनी कापला गेला. मग दरवर्षी कपात दारात येई आणि ऐनवेळी काँग्रेस ती पुढे ढकली. पुढे ढकललेली कपात साठत जाई, सावकाराच्या व्याजासारखी. २००८ मध्ये ती १०.६ टक्के झाली होती आणि ती रोखणारं विधेयक सिनेटमध्ये एका मताने अडलं. मेंदूच्या कर्करोगावर उपचार चालू असलेले टेड केनेडी ९ जुलैला सभागृहात आले. आम्ही दवाखान्याच्या मागच्या खोलीत डबे उघडून टीव्हीपुढे बसलो होतो. ते आत येताच सगळे सिनेटर उभे राहिले. केनेडींनी होकार दिला, आणि आता अडवून उपयोग नाही हे पाहून विरुद्ध बाजूच्या काहींनीही मतं फिरवली. ६९ विरुद्ध ३०. अध्यक्ष बुश यांनी नकाराधिकार वापरला, तोही दोन्ही सभागृहांनी त्याच दिवशी फेटाळला. माझे भागीदार डोळे पुसत होते. मला भरून आलं, पण हेही वाटलं, की माझा पगार ठरवायला एका आजारी माणसाला बिछान्यातून उठून का यावं लागावं?

ते सूत्र सतरा वेळा ठिगळं लावून शेवटी २०१५ मध्ये रद्द झालं, ३९२ विरुद्ध ३७ आणि ९२ विरुद्ध ८ अशा मतांनी. आम्ही पेढे वाटले. मी खरोखरच पिट्सबर्गहून पेढे आणले होते. पण त्या नव्या कायद्यात महागाईचं नाव नव्हतं. काही वर्षं अर्धा टक्का, मग २०२० पासून सहा वर्षं शून्य. शिवाय एखाद्या कामाचे गुण वाढले की एकूण खर्च न वाढावा म्हणून आकडा खाली आणायचा, हा नियम जुनाच. पाटावर एकाला जागा द्यायची तर दुसऱ्याने सरकायचं.

तर फेब्रुवारीतला दिवस. आम्ही सहा जण, हातात निळी फाइल, रेबर्न इमारतीचे लांबच लांब संगमरवरी बोळ. आदल्या संध्याकाळी आम्हाला शिकवणी देण्यात आली होती. डॉक्टरांच्या उत्पन्नाविषयी बोलू नका. 'रुग्णांना डॉक्टर मिळत नाही' असं म्हणा. एक आलेख दाखवा: महागाई जमेस धरली तर २००१ पासून दर एकतृतीयांश घटला आहे. आलेख खरा आहे. पण आमच्यासारख्या साध्या तपासणीचे गुण याच काळात वाढले आणि क्ष-किरणतज्ज्ञांसारख्या काहींना त्याची झळ लागली, हे त्यात नसतं. गुण सुचवणारी समितीही डॉक्टरांचीच आहे आणि तिच्यात विशेषज्ञांचं वजन जास्त आहे, हेही नसतं. आणि शेवटी सांगितलं होतं: एका रुग्णाची गोष्ट सांगा. आकडे कोणी लक्षात ठेवत नाही.

माझ्याकडे गोष्ट होती. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या एक बाई, वय ७८. हृदय अशक्त, साखर, गुडघे गेलेले. जवळचा दुसरा दवाखाना चाळीस मैलांवर, आणि त्या आता बस सोडाच, मोटारही चालवत नाहीत. आम्ही बंद केलं तर त्या कुठे जाणार? तुमच्याविषयी तिथे बोलू का, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी हातातली पर्स मांडीवर ठेवली आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला जास्त मिळणार?"

"मिळालं तर, हो."

"मग मला जास्त द्यावं लागणार?"

उत्तर हो असंच आहे. डॉक्टरांचे पैसे मेडिकेअरच्या ज्या भागातून येतात त्याच्या खर्चाचा साधारण पाव हिस्सा म्हाताऱ्यांच्या हप्त्यातून गोळा होतो. २०२५ मध्ये तो महिन्याला १८५ डॉलर होता, पेन्शनमधूनच कापून घेतला जातो. शिवाय प्रत्येक तपासणीचे वीस टक्के त्यांचे. या बाईंकडे ते भरणारा पूरक विमा नाही. दर दोन डॉलरने वाढला तर चाळीस सेंट त्यांच्या खिशातून. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चाळीस सेंट देईन. पण तिथे सांगा, की मी विचारलं होतं."

खासदारबाई मतदानाला गेल्या होत्या. त्यांच्या जागी आरोग्याचं काम पाहणारा एक मुलगा भेटला, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा. त्याने वही उघडली. आमच्या प्रमुखांनी आलेख दाखवला, मी गोष्ट सांगितली, आणि चाळीस सेंटांचंही सांगितलं. मुलगा लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, "हे आम्हाला कोणी सांगत नाही." मग त्याने तो प्रश्न विचारला जो सगळेच विचारतात: पैसे कुठून आणायचे? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. फाइलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. माझं स्वतःचं आहे. हीच तपासणी रुग्णालयाच्या मालकीच्या दवाखान्यात झाली तर मेडिकेअर अनेकदा डॉक्टरच्या पैशांवर जागेचंही वेगळं शुल्क देतं. तोच स्टेथोस्कोप, तेच गुडघे. तिथला फरक काढा आणि आम्हाला द्या. पण आमच्या गटातले दोघे रुग्णालयांचे नोकरदार होते. मी बोलून टाकलं. बोळात आल्यावर प्रमुखांनी शांतपणे विचारलं, "आज आपण नेमकं कोणाच्या बाजूने आलो होतो?"

मला ते लागलं. रात्री हॉटेलातून भावाला फोन केला. तो तासगावकडे वीस खाटांचं रुग्णालय चालवतो, सर्जन आहे. सरकारी विमा योजनेत त्याचं नाव आहे. प्रत्येक शस्त्रक्रियेचं पॅकेज ठरलेलं, आणि ते पैसेही कधी येतील त्याचा नेम नाही. मी सगळं रामायण सांगितलं. तो हसला. "ताई, तुमचा दर कमी आहे म्हणून तुम्ही आमदार-खासदारांना भेटता. मी मिळालेला दर मिळावा म्हणून भेटतो. आणि भेटल्यावर ते म्हणतात, माझ्या माणसाचा हर्निया तेवढा करून टाका." मग जरा थांबून म्हणाला, "पण ती म्हातारी बरोबर बोलली."

मार्चमध्ये काँग्रेसने खर्चाचं विधेयक मंजूर केलं. त्यात आम्ही नव्हतो. एप्रिलमध्ये माझ्या भागीदारांनी वर्षअखेर निवृत्त होणार असल्याचं सांगितलं. जवळच्या एका रुग्णालयसाखळीने दवाखाना विकत घेण्याचा प्रस्ताव पुन्हा पाठवला. त्यांना तो परवडतो, कारण मालक बदलला की त्याच खोलीला जागेचं शुल्क लागू शकतं. बस चालवणाऱ्या बाईंचे वीस टक्के मग त्यावरही.

आणि ४ जुलैला अध्यक्षांची सही झालेल्या त्या मोठ्या कायद्यात आमची मागणी मान्य झाली. २०२६ या एका वर्षासाठी आकड्यात अडीच टक्के वाढ. त्याच कायद्याने गरिबांच्या विम्यातून, मेडिकेडमधून, दहा वर्षांत लाखो माणसं बाहेर पडण्याची वाट करून ठेवली आहे. आमच्या संघटनेने त्या कपातीला विरोध केला होता, हे इथे सांगायला हवं. पण दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत. आमच्या स्वागतकक्षातल्या मुलीचा लेक मेडिकेडवर आहे, त्याला दमा आहे. वाढ मिळाल्याची बातमी तिनेच मला छापून आणून दिली.

दुसऱ्या आठवड्यात राज्याच्या संघटनेकडून ईमेल आली: आपल्या खासदारांचे आभार माना. पत्र तयार होतं, फक्त नाव आणि पत्ता घालायचा होता. मी ते पुसून चार ओळी लिहिल्या. वाढीबद्दल आभारी आहे, माझ्या दवाखान्याला तिची गरज होती. दमा असलेल्या एका मुलाचा विमा टिकेल का, ते कळवावं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका मतदाराने मला सांगितलं होतं, की तिनेही विचारलं होतं म्हणून सांगा. तेही लिहिलं.

तीन दिवसांनी उत्तर आलं. डॉक्टरांच्या दरवाढीला आपण दिलेल्या पाठिंब्याबद्दल मनःपूर्वक आभार, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. खाली छापील सही. मी ते स्वागतकक्षातल्या मुलीला दाखवलं. तिने वाचलं, परत दिलं आणि म्हणाली, "तीन नंबरच्या खोलीत रुग्ण बसलाय, वीस मिनिटं झाली."