लेहची विरळ हवा आणि आपली छाती

लेहला विमानातून उतरून आपण पिशवी उचलता आणि चार पावलांतच धाप लागते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील या गावात हवेतील प्राणवायू मुंबईइतकाच, २१ टक्के असतो. उणावतो तो हवेचा दाब, तोही जवळजवळ एकतृतीयांशाने.

फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत. श्वासपटल खाली उतरते, बरगड्यांच्या बारा जोड्या वर-बाहेर सरकतात, छातीची पोकळी वाढते, आतील दाब घटतो आणि बाहेरची हवा आत शिरते. येथे ती हवाच विरळ. म्हणून स्वस्थ बसले तरी श्वास जलद चालतो. हा आजार नव्हे, शरीराने काढलेली वाट आहे. तिला दोन दिवस द्यावेत. शांतिस्तूपाच्या पायऱ्या मुलांना खुणावतील. तोवर त्या खालूनच पाहाव्यात.

मात्र पडल्यापडल्याही दम लागला, खोकला वाढला, थुंकी फेसाळ झाली, तर फुप्फुसांत पाणी साचत असल्याची शंका घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा माणसाला पँगाँगला तर नेऊच नये. सरोवर सुमारे ४,२५० मीटरवर आहे, आणि तेथून नेहमीच्या रस्त्याने लेहकडे उतरायचे म्हटले, तरी आधी सुमारे ५,३६० मीटर उंचीची चांग ला खिंड चढावी लागते.